डाव्या चाकाचा निळा रंग

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, आणि ट्रकचं काहीही काम निघालं की अकोल्याच्या एजन्सीची पायरी चढावी लागायची. ती मी कधी मान खाली घालून चढलो नाही. कारंज्याच्या अडत्यांकडे पोती उचलून वर आलेल्या माणसाला भाव करायला शिकवावं लागत नाही. ट्रक घेताना एजन्सीच्या मॅनेजरशी मी इतकी घासाघीस करत बसलो होतो की शेवटी त्याने हात जोडले. ते त्याने मनात ठेवलं असेल, असं मला आजही वाटतं.

दसऱ्याच्या तोंडावर बातमी आली. आमच्या ट्रकसोबत कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या पुढच्या चाकांची बेअरिंग कच्ची निघाली होती. ती तापायची, फुटायची आणि धावत्या गाडीचं चाक निसटायचं. कंपनीने त्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. बेअरिंग फुकट बदलून मिळणार होती. एजन्सीचा माणूस कापसाच्या जिनांच्या फाटकांवर उभा राहून ड्रायव्हरांना सांगत होता. फुकट म्हटलं की मला आधी वास येतो. पण आमचा ट्रक माझा धाकटा भाऊ चालवायचा, तो अडून बसला.

"भाऊ, नागपूरले माणसं न्यायचे हायत. बायालेकरं बसतीन मांगं. आधी चाक पाहून घेऊ."

धम्म घेतल्यापासून आमची वस्ती दर विजयादशमीला नागपूरला जायची. आमच्याकडे ट्रक आल्यावर ती आमच्याच ट्रकमधून जाऊ लागली. कामरगावापासून नागपूरपर्यंत भजनं, शिदोऱ्या आणि उलट्या करणारी पोरं. निघण्याआधी ट्रक सजवायचं काम मायचं. तिला लिंबू-मिरची चालायची नाही; क्लिनरने बांधली तर ती ओढून उकिरड्यावर फेकायची. घराच्या दाराला लावून उरलेला निळा रंग घ्यायची आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली टोपणं नटांसकट रंगवायची. "चक्र निळं पाहिजे," म्हणायची. त्याच टोपणांच्या आत बेअरिंग असतात, हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. त्या वर्षी बातमी आली तेव्हा तिचं रंगवणं होऊन गेलं होतं.

आम्ही ट्रक अकोल्याला नेला. एजन्सीचं आवार गाड्यांनी भरलं होतं. "रांगेत लावा, किल्ली द्या, उद्या न्या," असं सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर ट्रक फाटकाजवळ, झालेल्या गाड्यांत उभा. किल्ली हातात पडली. तेव्हा पाहिलं, काम झालेल्या प्रत्येक गाडीच्या टोपणावर मिस्त्रीने खूण म्हणून निळ्या रंगाचा पट्टा ओढला होता.

भावाला हसू आवरेना. "पाय भाऊ, कंपनीवाले बी आपल्याच वस्तीतले झाले!"

मीही हसलो. खूण करायला आमच्या टोपणावर जागाच उरली नव्हती, ते तर आधीच निळंशार होतं. मिस्त्रीने विचारलं असेल, ओळखलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

नागपूरला जाऊन आलो. वस्ती सुखरूप घरी पोचली. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चाकाच्या टोपणाला उलटा हात लावायची भावाची सवय होती. आईने तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. परत आल्यावर तो म्हणाला, "डावं चाक तापून राह्यलं, भाऊ."

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. मॅनेजर खुर्चीतून उठून बाहेर आला नाही. त्याने खिडकीतूनच चाकाकडे पाहिलं. "निळा आहे ना? मग झालंय काम. नवं बेअरिंग आहे, सुरुवातीला तापतं."

"उघडून दाखवा," मी म्हणालो.

"प्रत्येक गाडी दोनदा उघडत बसलो तर झालंच!"

माझा आवाज चढला. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. भावाने माझं मनगट धरलं. "चाल भाऊ. त्याले समजते का आपल्याले? नवं हाय म्हणते, असंल नवं." भांडण झालं की तो मला असाच ओढून न्यायचा. त्याच्यामुळे माझी कितीतरी भांडणं अर्धी राहिली आणि बरीच गिऱ्हाइकं टिकली.

पुढे कापसाचा हंगाम लागला. मानोऱ्याहून कारंज्याच्या जिनात कापूस न्यायचा होता. त्या दिवशी क्लिनर त्याच्या तांड्यावर गेला होता, म्हणून भाऊ एकटाच निघाला. मानोरा सोडल्यावर जो उतार लागतो, तिथे ट्रक रस्ता सोडून नाल्यात गेला. मी पोचलो तेव्हा कापूस बाभळींवर, काट्यांवर सगळीकडे पांढरा पसरला होता, आणि भावाला लोकांनी त्याच कापसावर निजवलं होतं. त्याचा जीव गेला होता.

"झोप लागली असंल," कोणीतरी बोललं. पोलिसांनी तेच लिहिलं. मी घरी पोचायच्या आत ते वाक्य मायपर्यंत पोचलं होतं.

"मीच उठवलं त्याले," ती भिंतीला म्हणत होती. "कोंबड्याच्या आंधी उठवलं. निजू दे वं माय, म्हणे. म्या म्हटलं, लवकर जाय, लवकर ये."

डावं चाक रस्त्यापासून लांब, तुरीच्या शेतात सापडलं. टोपण तसंच घट्ट होतं. मी स्वतः पाना लावला. पहिला नट फिरला तेव्हा त्याच्यावरचा निळा रंग तडकला आणि त्याची खपली माझ्या बोटावर पडली. मायने रंगवल्यापासून त्या नटाला कोणाचाही पाना लागला नव्हता. आत जळून काळं झालेलं ग्रीस होतं आणि जुन्या बेअरिंगचे तुकडे. उजवं चाक उघडलं, तर तिथेही जुनंच बेअरिंग. आमची निळी टोपणं पाहून कोणीतरी ट्रक न उघडताच झालेल्या गाड्यांत सरकवला होता.

ते टोपण गोणपाटात गुंडाळून मी अकोल्याला गेलो. मॅनेजरने ते उलटसुलट करून पाहिलं. झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं, म्हणाला. ट्रक नव्यासारखा करून देतो, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस मी न मागता देत होता, आणि मला त्यातलं काही नको होतं.

"मले ट्रक नको. तुमी माह्या घरी या. माह्या मायसमोर एवढंच म्हना, का आमी चाक उघडलं नाही, पोरगं झोपलं नव्हतं. बस. मंग मी तुमच्या दारात पाय ठेवत नाही."

"पण खूण आहे इथे. निळा रंग आमचाच."

"तुमचा कायचा? माह्या मायच्या हातचा रंग हाय हा!"

त्याने टोपण टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे पाहत सावकाश बोलला. "म्हणजे तुमच्या आईंनी रंगवलं, म्हणून आमच्या माणसाची फसगत झाली. तुम्ही बोलावता तर येतो मी. पण आलो तर जे आहे ते सगळं सांगेन."

मी टोपण उचललं आणि पायऱ्या उतरलो. त्या दिवशी मला ओढून न्यायला कोणी नव्हतं आणि गरजही पडली नाही.

नंतरही मी त्याच्याकडे माणसं पाठवली, मध्यस्थ घातले. रंगाचं सोडून बाकीचं सांग, एवढीच मागणी. तो बधला नाही. अर्धं सांगून चूक आपल्या अंगावर घ्यायला तो काही खुळा नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतली नसती. हे कळतं म्हणून राग कमी होत नाही.

पुढच्या विजयादशमीला वस्ती रेल्वेने गेली. माय गेली नाही. ओट्यावर बसून होती, मी शेजारी. रंगाचा डबा कोपऱ्यात तसाच, वर साय धरलेला. तिने विचारलं, "लोकं म्हनते चाक निंघून पडलं होतं. अकोल्याले तर त्याईनं चाक उघडलं होतं ना रे?"

मॅनेजरचं तेच वाक्य खोटं पाडण्यासाठी मी वर्षभर पायऱ्या झिजवल्या होत्या. नाही म्हटलं असतं, तर ती पुढचं विचारणार होती, काहून नाही उघडलं. आणि ती माझ्यासारखीच होती. उत्तर मिळेपर्यंत सोडणारी नव्हती.

"उघडलं होतं, माय," मी म्हणालो. "नवं टाकलं होतं."

"मंग झोपच लागली त्याले," ती म्हणाली. "मीच उठवलं."

मी तिचा हात हातात घेतला. नखांच्या कडांना कुठेही निळं नव्हतं. पहिल्यांदाच.