ओढ्याकडं सरकलेली शाळा

दानेश्वरीचं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. लग्न होऊन ती कोल्हापुरात मंगळवार पेठेत आली आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या नोकरीला लागली. मुलगी झाली तशी नोकरी सुटली आणि ती घरी बसून नकाशांच्या नादाला लागली.

जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येईल अशी एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, तिला सापडली होती. जमिनीची उंची, घरं, रस्ते, नदीचं पात्र ही सगळी माहिती तिच्यात घालायची, छोटा प्रोग्राम लिहायचा, की पाणी अमुक इतकं चढलं तर गावात कुठवर येईल ते नकाशावर निळ्या रंगात दिसायचं. दोन हजार एकोणीसच्या महापुरात तिचे आईवडील, अप्पा आणि अव्वा, घराच्या माडीवर अडकून पडले होते आणि इकडं हिला फोन लागत नव्हता. तेव्हापासून आपल्या गावाचा असा नकाशा करायचा हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. जमिनीची उंची तिला एका पाणी योजनेच्या नव्या मोजणीतून मिळाली. घरं, शाळा आणि रस्ते तिनं जुन्या सरकारी नकाशावरून उतरवून घेतले.

पुढं एका वर्षी ऑगस्टात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि सकाळीच आकारामतात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे गावचे माजी सरपंच. पूर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या गोळा करून लोकांना हलवायचं काम तेच बघत.

"पोरी, पाणी वडाच्या पाराला लागलंय. एकोणीसला शाळा कोरडी राहिलती. यंदा त्याच्यापेक्षा जास्त येणार म्हणत्यात. शाळा राहील का, तेवढं बघून सांग. राहणार आसंल तर म्हाताऱ्याकोताऱ्यांस्नी गावाभाईर काढत न्हाय."

तिनं येणाऱ्या पाण्याचा अंदाज घालून प्रोग्राम चालवला. सगळीकडं निळं पसरलं, पण शाळा मोकळ्या जमिनीवर होती.

"राहतीय तात्या. चांगली वर हाय."

तात्यांनी तो नकाशा गावाच्या ग्रुपवर टाकला. लोक वळकट्या, भांडी, गॅसच्या टाक्या घेऊन शाळेत आले. गावातल्या पिराजीनं आपल्या म्हशी आणून शाळेच्या पटांगणात बांधल्या. अप्पांनी फोन करून सांगितलं, "तुझ्या नकाशात येऊन बसलोय बघ." आवाजात कौतुक मावत नव्हतं.

दुपारी तात्यांनी बचाव पथकाला द्यायला म्हणून फोनवरून शाळेचं लोकेशन पाठवलं. दानेश्वरीनं ते सहज आपल्या नकाशावर टाकून बघितलं. ठिपका शाळेवर पडलाच नाही. तो पश्चिमेला, ओढ्याकडच्या उसात पडला.

फोनचं काय खरं नसतं, असं तिला आधी वाटलं. पण मन मानेना. तिनं तात्यांना पंचायतीपासून आणि दूध डेअरीपासून लोकेशन पाठवायला सांगितलं. तेही ठिपके पश्चिमेलाच सरकले, आणि तेवढेच, शंभरेक मीटर. फोन चुकला असता तर एक ठिपका इकडं गेला असता, एक तिकडं. हे सगळे एका दिशेला गेले होते.

जुना नकाशा पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशेबावर मोजलेला होता आणि उंचीची माहिती जीपीएसच्या हिशेबावर. एकातून दुसऱ्यात बदल करून द्यायचं काम लायब्ररी करते, पण जुना नकाशा कुठल्या हिशेबातला आहे ते लायब्ररीला सांगावं लागतं. दानेश्वरीनं ते सांगितलं नव्हतं. लायब्ररीनं मुकाट दोन्ही एकच धरले होते, आणि शाळा नकाशावर शंभरेक मीटर पूर्वेला, चढावर जाऊन बसली होती.

तिनं चूक दुरुस्त केली. सगळं गाव पश्चिमेला सरकलं, तात्यांचे तिन्ही ठिपके बरोबर जागेवर बसले, आणि शाळा निळ्यात गेली. शाळेत कमरेच्या वर पाणी येणार होतं. त्याच्या बऱ्याच आधी ओढ्यावरचा पूल बुडणार होता, आणि गावातून बाहेर पडायला तेवढीच एक वाट उरली होती.

"सकाळी राहा म्हणालीस, आता निघा म्हणतीस?" तात्या ओरडले. "गाव म्हंजे खेळ वाटला व्हय तुला?"

"चूक माझी हाय, तात्या. मला मागनं काय बोलायचं ते बोला. पुलावर पाणी यायच्या आत माणसं काढा."

"कोण हलणार हाय आता? तुझा बाच न्हाय म्हणतोय!"

"त्यांच्याकडं फोन द्या."

अप्पा फोनवर आले. "दाना, सकाळपासनं सगळ्यांस्नी सांगतोय, माझ्या पोरीनं नकाशा काढलाय म्हणून. आता काय तोंड दाखवू?"

"नकाशा चुकला म्हणून सांगा, अप्पा. मोठ्यानं सांगा. माझं ऐकणार न्हाईत, तुमचं ऐकतील."

मग फोनमधून अप्पांचा आवाज लांबून आला, ते वर्गातल्या लोकांना सांगत होते.

"ऐका रं! माझ्या पोरीच्या हातनं चूक झालीया. शाळा बुडणार हाय. म्हातारीला घिऊन मी ट्रॉलीत बसतोय. ज्याला जगायचं हाय त्यानं या!"

गलका झाला आणि फोन कट झाला. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. आधी कुणी उचलेना, मग रेंजच गेली. मुलगी जेवायला मागत होती, तिला तिनं दूध-भात कालवून दिला, पण त्यात साखर घातली की मीठ हे तिचं तिला कळलं नाही. कॉम्प्युटरवर तोच नकाशा उघडा होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

अंधार पडायच्या सुमारास तात्यांनी हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयातून फोन केला. शेवटची ट्रॉली पुलावरून आली तेव्हा पाणी निम्म्या चाकांपर्यंत आलं होतं. अप्पा, अव्वा आणि बाकी सगळे पोचले होते. एकटा पिराजी म्हशी सोडून आला नाही. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाच्या होडीनं त्याला शाळेच्या छपरावरून उतरवलं. म्हशींचे दोर त्यानं स्वतः कापले होते, तरी एकही हाताला लागली नाही. शाळेत पाणी फळ्यापर्यंत चढलं होतं.

पूर ओसरल्यावर दानेश्वरी गावाला गेली. बायका तिचे हात हातात घेत होत्या. पिराजी मात्र तिच्याशी बोलला नाही. तिला ऐकू जाईल असं तात्यांना म्हणाला, "सकाळीच खरं कळलं असतं तर म्हशी चालत गेल्या असत्या."

परत आल्यावर तिनं काय घडलं ते सगळं लायब्ररी लिहिणाऱ्यांना कळवलं. कुणी म्हणालं, माहिती नीट वाचणं वापरणाऱ्याचं काम आहे. कुण्या लांबच्या देशातल्या माणसानं तिच्या फायली मागवून घेतल्या आणि चूक स्वतः करून बघितली. बराच वाद झाला. पुढच्या आवृत्तीत, नकाशाचा हिशेब सांगितला नसेल तर लायब्ररी तिथंच थांबून विचारू लागली.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती आणि अप्पा गावभर फिरले. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून तिनं फोनवर जागा घेतली आणि नकाशाशी पडताळली. ते चालू असताना पिराजी अप्पांजवळ येऊन उभा राहिला. नवा गोठा कुठं बांधू, ते पोरीला विचार, म्हणाला. ती शेजारीच उभी होती. तिनं चढावरची जागा अप्पांना सांगितली, अप्पांनी ती पिराजीला सांगितली, आणि तो मान हलवून निघून गेला.