झरीतला हात

"हात कित्याक घातलंस गो पाण्यात?"

मी झरीच्या काठावर उकिडवी बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत ओला, हातात नुकतीच भरलेली बाटली. वर पायरीवर गावातले मानकरी काका. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून आलेय, हे त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळापूर्वी ओळखपत्रावरचं आडनाव वाचून त्यांनी माझी वाडी विचारली होती. बौद्धवाडी, मी सांगितलं होतं.

मी ऑफिसातल्या मराठीत म्हटलं, "काका, बाटली पाण्याखाली धरूनच भरायची असते. आत हवा राहता कामा नये."

"ओत ता पाणी. आमचो माणूस भरून देतलो."

आणि मी ओतलं.

त्यांच्या माणसाने वरून कळशीची धार धरली. कळशी बाटलीला लागणार नाही, एवढं अंतर ठेवून. हे अंतर मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या गावात आई झरीखाली उभी राहायची, मी तिच्यामागे. कुणी यायचं, वरून ओतायचं. आईची हंडी भरायची, पदर भिजायचा. मी शिकले, नोकरीला लागले, स्कूटर घेतली. धार तेवढ्याच उंचीवरून पडली.

राग आला नाही. काहीच वाटलं नाही. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, काकांना नमस्कार केला आणि निघाले. त्या नमस्काराची लाज मला आजही वाटते.

नळयोजनेसाठी त्या झरीची अल्कलिनिटी मोजायची होती. म्हणजे आम्ल टाकलं तर पाणी ते किती पचवू शकतं, ते बघायचं. आधी पाण्यात एका द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. पाण्यात चुन्यासारखं काही जास्त असेल तर ते गुलाबी होतं. नसेल तर तसंच राहतं. मग वरच्या नळीतून आम्ल थेंब थेंब सोडायचं आणि शेवटचा रंग बदलेपर्यंत मोजायचं. आमच्याकडचं जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी सौम्य. गुलाबी होत नाही. पहिल्या नमुन्याचंही पाणी गुलाबी झालं नाही.

तीन दिवसांनी ताडून बघायला दुसरा नमुना आणला. तोही त्यांच्या माणसाने वरूनच ओतलेला. दोन थेंब टाकले आणि काचेतलं पाणी गुलाबी झालं. गडद. मी भांडं धुऊन पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी. वाटलं, माझीच काहीतरी चूक. चूक आधी आपल्यात शोधायची, ही आमची जुनी सवय.

शेवटी काकांना फोन लावला.

"चुनो घातलो," ते म्हणाले. आवाजात ना राग, ना संकोच. "तू हात घातलंस ना त्या दिवशी? मगे झरी शुद्ध करूक नको? दोन घमेली घातली."

मी फोन ठेवला. गुलाबी पाण्याचं भांडं समोरच होतं. माझा हात पाण्यात किती वेळ होता? अर्धं मिनिट. त्यासाठी दोन घमेली. शाळेत, ऑफिसात, भाड्याची खोली शोधताना जे कुणी तोंडावर कबूल केलं नाही, ते त्यांनी स्वतःच पाण्यात टाकून माझ्याकडे तपासायला पाठवलं होतं. मी आम्ल सोडलं, आकडा घेतला, नोंदवहीत लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नमुना घेताना मी पाण्यात हात घातला म्हणून गावाने झरीत चुना टाकला.

प्रयोगशाळेतल्या सरांनी वाचलं. चष्मा काढला.

"हे खोड. गावाला दुखवायचं नाही. झरी निवळली की पुन्हा जा, आणि त्यांच्याच माणसाकडून भरून घे."

"खोडणार नाही, सर."

"नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे. म्हणूनच."

आवाज चढला नाही माझा. खाली सही केली, पूर्ण आडनावासकट.

सोमवारी मी त्या झरीवर जाणार आहे. काका पायरीवर असतील. मी बाही वर सारीन, हात कोपरापर्यंत घालीन आणि बाटली पाण्याखालीच भरीन. ओत म्हणाले तरी ओतणार नाही. मागून त्यांनी पुन्हा चुना टाकला, तर त्याचाही आकडा काढीन आणि लिहीन. ते टाकत राहिले तर मी लिहीत राहीन. वरून पडणाऱ्या धारेखाली मात्र आता बाटली धरणार नाही.