सारजाबाईंची मसक

आमच्या सासूबाईंचा, सारजाबाईंचा, हेका म्हणजे हेका. एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. या घरात येऊन अठरा वर्षं झालीत, मला विचारा.

मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका कॉलेजातले बद्रीनाथ सर चितेगावला आमच्या दारात आले. जुन्या पाण्याच्या भांड्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. रेड्यावरची पखाल, विहिरीवरची मोट, सगळं गोळा झालेलं. फक्त मसक राहिली होती, बकरीच्या अख्ख्या कातड्याची, खांद्यावर टाकायची पाण्याची पिशवी. अजिंठ्याच्या डोंगरात मेंढरं नेणारे तिच्यातलंच पाणी प्यायचे. पुढं रबरी ट्यूब आली, मग प्लास्टिकचे कॅन आले आन् धंदा बसला.

सर शोधत होते माझ्या सासऱ्यांना, पुंडलिकांना. त्यांच्या मसकीतून थेंब गळत नाही, असा लौकिक. पण त्यांना जाऊन चार वर्षं झालेली. मग कला त्यांच्याबरोबरच गेली म्हणायची, असं म्हणून सर हळहळले. आमच्या ह्यांनीही, अजिनाथनी, मान डोलावली.

सासूबाई आतून म्हणाल्या, मी करून देते. हे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

तिथून घरात नुसता वैताग. खाटीक पोट चिरून कातडं काढतो, बाईंना मात्र पोटाला सुरी न लागलेलंच पाहिजे. दोन दिवस त्याच्या दुकानापुढं ठाण मांडून बसल्या. शेवटी त्यानं हात जोडले आन् मानेकडून सोलून दिलं. मग ते चुन्यात, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात तीन आठवडे. वास असा की शेजारीण बोलायची बंद झाली. पायांची भोकं शिवून पाणी भरलं, तर टपटप गळायला लागलं! हे म्हणाले, आई, आता पुरे, चारचौघांत हसं होईल. बाईंनी सगळे टाके उसवले, शिवायची कातड्याची वादी बारीक कापली, दुहेरी शिवण घातली आन् वरून चरबी चोळली.

प्रदर्शनात भरलेली मसक टांगली, खाली सरांनी कोरा कागद पसरला. दोन तास गेले. कागद कोरडा ठाक! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. सर स्वतः तिच्यातलं पाणी प्यायले.

मग सासूबाईंनी मला टेबलावरची पाटी वाचायला लावली, त्यांना वाचता येत नाही. मी वाचलं, कै. पुंडलिक यांची कला.

"पाटी बदला," त्या सरांना म्हणाल्या. "आमच्या मालकांना चाळिशीतच सुईचं टोक दिसंना झालं. तवापासून एकूण एक टाका माझा हाय. ते होते तवर मी बोलले नाय, त्यांचा मान होता. आता माझं नाव लावा."

हे बघतच राहिले. लहानपणापासून त्यांना वाटायचं, आई नुसत्या वाद्या कापून देते. सरांच्या हातातला पेन त्यांनी मागून घेतला आन् स्वतः नवी पाटी लिहिली. सासूबाईंनी नाव कुठून कुठवर आहे ते विचारलं, त्यावरून बोट फिरवलं.

"बारीक लिहिलंस," त्या म्हणाल्या. "दारातून दिसलं पाहिजे."

ह्यांनी मोठा कागद मागवला.