पणजीच्या मामाचा हंडा

वडिलांकडच्या सात पिढ्या मला तोंडपाठ आहेत, आणि कुणी विचारो न विचारो, मी त्या म्हणून दाखवते. आम्ही बेने इस्रायल, महाराष्ट्रातले ज्यू. पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते तिथंच राहिले, घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी धर्मानं काम नाही, विस्तवही नाही; घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पुढे कुणी पलटणीत गेलं, कुणी सरकारी नोकरीत, आणि असंच आमचं घर घाट चढून नगरला आलं. आता इथं घराण्यातली मी एकटीच उरले आहे. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले; ऐकायला समोर वर्ग नाही, म्हणून सात पिढ्या आल्यागेल्याच्या माथी मारते.

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. माझी धाकटी बहीण ऐन तारुण्यात इस्रायलला गेली, भाची तिथंच जन्मली. मराठी येतं तिला, पण ओल्या फरशीवरून चालल्यासारखं बोलते. तिचं लग्न ठरलं होतं. तिकडे लग्न रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, लावतात, आणि मुलगी ज्यू आहे की नाही हे तिच्या आईवरून ठरतं. आईचं तिच्या आईवरून, असं मागे मागे जायचं. बहिणीनं त्या कटकटीला कंटाळून शेजारच्या बेटावर जाऊन नोंदणी लग्न केलं होतं, तो कागद चालेना. आमच्या आईच्या लग्नाचा कागद नगरच्या घरात वाळवीनं खाल्ला होता.

"काही काळजी करू नकोस," मी म्हटलं आणि सात पिढ्या सुरू केल्या. तिसऱ्या पिढीवर तिनं मला थांबवलं.

"मावशी, हे सगळे पुरुष आहेत. त्यांना बायका पाहिजेत. आजीच्या आईची आई कोण?"

माझी यादी तिथंच अडली. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. आईची आई, म्हणजे आमची आजी, मी वीस वर्षांची होईपर्यंत आमच्याच घरात होती. तिच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या मटणावर मी वाढले. पण तिच्या आईचं माहेरचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्यातही लग्नात मुलीचं नाव बदलायचे, पाळण्यातलंसुद्धा. माहेरचं आडनाव गेलं, नाव गेलं, राहिली फक्त "म्हातारी आई". पुरुषांची यादी घोकणाऱ्या मला स्वतःची पणजी ठाऊक नव्हती. मला खरंच लाज वाटली.

"कागद नाही मिळाला तर लग्न होणार नाही," भाची म्हणाली. मग हळूच, "आणि मावशी, मग मी कोण?"

हा प्रश्न मला झोंबला. तिच्यावर जे सिद्ध करायची वेळ आली होती, ते मलाही लागू होतंच की. तिची पणजी ती माझी आजी. तिला म्हटलं, पंधरा दिवस दे.

आईकडचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि बरीच वर्षं देवळाली प्रवरेला राहिले. विधवा पणजी शेवटी लेकीकडे, तिथंच असायची. दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी पकडली. पत्ता नव्हता, पाटाशेजारची बिऱ्हाडं एवढंच माहीत होतं. दोन ठिकाणी हात हलवत परतले. तिसऱ्या घरी ओट्यावर एक आजीबाई शेंगा निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"शनवारी चूल न पेटवणारी? व्हय, ती म्हातारी माझ्या लई ध्येनात हाय. मी नवी नवरी हुते. दर शनवारी मीच जाऊन दिवा लावायची त्यांचा. ती म्हनायची, पोरी, तुझ्या हातानं आमचा नेम मोडत न्हाई."

"त्यांचं माहेरचं नाव आठवतं?"

"न्हाई बाई. आमी म्हातारीच म्हनायचो." त्यांनी मागल्या दाराकडे बोट केलं. "पर तिचा हंडा हाय की. तुमच्या आजोबाची बदली झाली तवा मला दिऊन गेली."

मागल्या दारी तीन दगडांवर तांब्याचा हंडा होता. साठ वर्षं त्यात आंघोळीचं पाणी तापत आलेलं, वर काजळीचा थर. मला कळलं काय शोधायचं ते. लग्नातल्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय आपल्याकडे कोण भांडं देतं! मी त्यांच्या सूनबाईंकडून चिंच आणि मीठ मागितलं, पदर खोचला आणि फतकल मारून बसले. सूनबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी नका, मी घासते." मी ऐकलं नाही. गुडघे बोंबलत होते, हात काळे झाले, आणि गळ्याजवळ एकेक ठिपका उजळू लागला. हातानं ठोकून काढलेली अक्षरं होती. आधी पणजीचं माहेरचं नाव, मग तिच्या वडिलांचं. खाली "हीस मामाकडून", आणि मामाचं पूर्ण नाव, कोकणातल्या गावाच्या आडनावासकट.

मी पणजीचं नाव मोठ्यानं वाचलं आणि रडले. आजीबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "घिऊन जा. तुमचाच हाय." मी नको म्हटलं. रोज वापरणाऱ्या घरातून भांडं हलवणारी मी कोण? फोटो मात्र वीस काढले.

रब्बींनी असला पुरावा बहुधा पाहिला नसावा. तिथल्या आमच्या समाजातल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांना अक्षरं वाचून दाखवली आणि मामा म्हणजे काय ते समजावलं. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याचं नाव हाती लागलं की पणजीच्या आईचं माहेर हाती लागतं. रब्बींना हवी होती त्या पिढीच्याही मागची एक पिढी मी हंड्यावरून पोचती केली होती. गृहस्थांना मामाचं गाव ठाऊक होतं, त्या आडनावाच्या लोकांच्या तिथल्या कबरीही ठाऊक होत्या. तसं पत्र त्यांनी दिलं. महिन्याभरात भाचीचा फोन आला. पलीकडे हसणं चाललं होतं की रडणं, मला कळेना. लग्न लागणार होतं.

भाचीला मामा नाही. आम्ही दोघी बहिणीच. तेव्हा आहेराचं भांडं मावशीनं द्यायचं, हे मी कुणाला न विचारता ठरवलं आणि नगरच्या बाजारात गेले. दुकानदारांनी छोटा तांब्या पुढे केला, विमानात न्यायला सोपा म्हणून. नाव घालायचं यंत्र हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय घालू? मुलीचं नाव, आणि सासरचं आडनाव?"

"मुलीचं नाव. मग तिच्या आईचं. मग आजीचं, पणजीचं आणि खापरपणजीचं, सगळी माहेरची. खाली, मावशीकडून, आणि माझं."

त्यांनी तांब्या फिरवून पाहिला. "बाई, एवढं यावर मावायचं नाही."

"मग मोठं भांडं काढा," मी म्हटलं.