चुन्याच्या चार ओळी

हे घरात कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? – खरंच माहीत नाही. सांगतेय, एवढंच.

कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी शेतीचं पान बघते. नव्यानं येणाऱ्यांना मीच शिकवते – शेतकरी बोलला ते त्याला परत वाचून दाखवा, औषधाचं प्रमाण दोनदा विचारा. चांगलं ठणकावून सांगते. सगळे माना डोलावतात. आणि मला त्यांच्याकडं बघवत नाही.

राधानगरीकडचे आबा माझे फार लाडके. भातातलं काहीही त्यांना विचारावं आणि आपण गप ऐकावं. पण जेवल्याशिवाय बोलायचे नाहीत. "भाकरी खा आदी. तुझा पेपर कुठं पळून चाललाय व्हय?" मग म्हशीच्या तक्रारी, माझ्या वाळलेल्या तोंडावर शेरे. आणि खरं महत्त्वाचं काय ते सांगायचे मी चप्पल घालताना – उंबऱ्यात थांबून, बोट वर करून. ती त्यांची रीत.

आमची रीत नेमकी उलटी. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. जागा कमी पडली की बातमी शेपटाकडनं कापायची.

त्या वर्षी भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडले होते. आबांनी उपाय सांगितला, झिंक सल्फेटची फवारणी. आणि उंबऱ्यात म्हणाले, "त्यात चुन्याची निवळी घालाय इसरू नगा म्हणावं. न्हायतर पानं करपत्यात." मी लिहून घेतलं. बातमीतही घातलं – शेवटच्या चार ओळींत. ऐनवेळी एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि मी सवयीनं शेपूट कापलं. काय कापतेय ते वाचलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचा हात होता का त्यात? नाही. माझाच.

वर आबांचा फोटो, आबांचं नाव. त्यांचा शब्द म्हणून गावातल्या बऱ्याच जणांनी फवारलं. थोड्याच दिवसांत पानं करपली, आणि लोक कात्रण घेऊन आबांच्या दारात गेले.

मग त्यांचा फोन आला. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. तर हळूच विचारतात, "पोरी, त्या दिशी माझ्या तोंडातनं चुना ऱ्हायला काय गं?"

वही समोर उघडी होती. चुना – आणि त्याखाली मीच मारलेली रेघ. आणि मी म्हणाले, "राहिला असेल, आबा. होतं असं. वय झालं की."

वय झालं की. हे तीन शब्द मी कशाला जोडले? संपादक ओरडतील म्हणून? ते ओरडले असते आणि विसरले असते. दुसऱ्या दिवशी पानावर खुलासा आला – चुन्याचा उल्लेख 'संबंधित शेतकऱ्याच्या सांगण्यातून राहून गेला'. तोही मीच लिहिला.

पीक पुढं सावरलं. आबांनी राग धरला नाही. सुगी झाली की नव्या तांदळाचं गठुळं अजून येतं माझ्यासाठी. पण गावात ते आता कुणाला काही सांगत नाहीत. कुणी आलंच तर म्हणतात, "सुनंला इचारा. माझं डोस्कं ऱ्हायलं न्हाय." सून सांगत होती, म्हशीला पाणी पाजलं का, हेही तिला दोनदा विचारतात. माझा फार जीव आहे हो त्या माणसावर. आणि हे मीच केलंय.

मागच्या महिन्यात गेले होते. भाकरी झाली, म्हशीच्या तक्रारी झाल्या. मी चप्पल घालत होते. आबा उंबऱ्यापर्यंत आले, थांबले, बोट वर केलं. मी घाईघाईनं वही काढली. बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग खाली आलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "माझ्याकडनं काय तरी चुकंल, आन् पुन्यांदा तुझ्या पेपरचं नाव खराब हुईल."

मी वही मिटली. त्यांच्या पाया पडले आणि एसटीत येऊन बसले.