भाचीच्या ताटासमोर

माझी भाची यवतमाळहून पुण्याला इंजिनीअरिंगला आली, तेव्हा मी तिला सांगून ठेवलं होतं, "हॉस्टेलचं जेवण नाही आवडलं तर सरळ कात्रजला माझ्याकडे यायचं." ती क्वचितच आली. आली की म्हणायची, "मामाजी, मी खाऊन आलेय." बायको गेल्यापासून मी एकटाच. स्वयंपाक वाचला म्हणून मला ते सोयीचंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी ती स्वारगेटला बसच्या रांगेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "ही केव्हापासून नीट जेवत नाहीये?" त्याच शहरात राहणारा मी सख्खा मामा. मला सांगता आलं नाही.

बहीण धावत आली, महिनाभर राहिली. मग शाळेतली नोकरी, तिला परतावं लागलं. उपचार इथेच चालू राहणार होते, म्हणून भाची माझ्याकडे आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जेवताना तिच्यासोबत बसा, तेच जेवा, आणि तिच्या दिसण्याबद्दल चांगलं-वाईट काहीही बोलू नका.

वरणभाताला तिला तासभर लागायचा. पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ती ताटाच्या कडेला लावत बसायची. मी कचेरीतल्या साहेबांच्या गोष्टी सांगायचो. ती हसायची नाही. कधी घास तोंडात घेऊन रडायची, तेव्हा मी गोष्ट तिथेच सोडायचो. बहिणीचा रोज फोन, "दादा, काहून असं करते ती? इथं तर सगळं खायची." मला कळलं असतं तर सांगितलं असतं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी तिने आपणहून भाकरी मागून घेतली. मला इतका आनंद झाला की तोंडातून निघून गेलं, "आता कसा चेहरा भरलाय तुझा!"

तिने भाकरी खाली ठेवली. उठून खोलीत गेली आणि दार लावलं.

पुढचे तीन दिवस दुधापलीकडे काही गेलं नाही पोटात. डॉक्टरीणबाईंना फोन केला, बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी मी तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, "चुकलो मी."

आतून आवाज आला, "तुम्ही चांगलंच म्हणालात, मामाजी. पण मला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. माहितीये खोटं आहे, तरी ऐकू येतं."

"मग मी काय बोलू?"

"काही नका बोलू. कंटाळला नाहीत ना, तेवढं सांगा."

"नाही कंटाळलो," मी म्हणालो. थोडा कंटाळलो होतो. घाबरलो तर फारच होतो. ते मात्र सांगितलं, "भीती वाटते गं मला."

"मलाही," ती म्हणाली आणि दार उघडलं. त्या दुपारी तिने अर्धी वाटी खिचडी खाल्ली. उरलेली तशीच राहिली.

यंदा ती पुन्हा कॉलेजला जायला लागली आहे. राहते माझ्याकडेच. बरी झाली, असं मी कुणाला सांगत नाही. डबा कधी रिकामा येतो, कधी भरलेला. काल भरलेला आला. तो ओट्यावर ठेवत तिने स्वतःच सांगितलं, "आज नाही जमलं." पूर्वी ती हे लपवायची. मी कुकर लावला आणि तिला दोन ताटं घ्यायला सांगितली.