दाब मोजायचा काटा

माझी स्कूटर चढावर कुंथायला लागली, तेव्हा आमच्या घरात एकाला आनंद झाला. माझ्या मुलाला. मी पासष्टी ओलांडल्यापासून तो माझी गाडी बंद करायला निमित्तच शोधत होता. बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. ते चालवणारे काका मूळचे इथलेच, हे गाव होतं तेव्हापासूनचे. त्यांनी नुसता आवाज ऐकून निकाल दिला, "बाई, इंजिन बसलंय. आतनं झिजलंय, बोअरचं काम हाय."

"इंजिनच गेलं असेल तर गाडी काढून टाकू," मुलगा म्हणाला. "यापुढे तू रिक्षानं जा, आई."

"खरंच गेलं असेल तर काढू," मी म्हणाले. "पण आधी मोजू." बोलून गेले आणि शब्दात अडकले. स्कूटर गेली म्हणजे भाजी, वाचनालय, लोणी काळभोरची बहीण, सगळंच दुसऱ्याच्या सवडीवर जाणार होतं. मला कोणाच्या सवडीवर जगायची सवय नाही आणि ती आता लावून घ्यायचीही नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. न मोजता निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. इंजिनाचा दट्ट्या आतली हवा किती जोरात दाबतो, ते दाखवणारं एक यंत्र मिळतं, कॉम्प्रेशन टेस्टर. स्पार्क प्लग काढून त्या भोकात याची नळी लावायची, किका मारायच्या आणि काटा कुठे जाऊन थांबतो ते बघायचं. दाब कमी भरला तर इंजिन झिजलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसांनी कानांवर का अवलंबून राहावं?

नाना पेठेतल्या दुकानदारानं विचारलं, "कोणासाठी हवाय?"

"माझ्यासाठी."

"बरं. म्हणजे कोणासाठी?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यानं दोन प्रकार काढून ठेवले. एकाच्या टोकाला रबराचा शंकू होता. तो भोकावर हातानं दाबून धरायचा आणि त्याच वेळी किक मारायची. मला हात दोनच आहेत आणि एका खांद्याची कुरकुर कायमची. दुसऱ्याची नळी प्लगसारखी आट्यांवर फिरवून बसवायची होती. तो मी पसंत केला. जुना प्लग पर्समध्ये नेला होता, त्याच्या आट्यांशी जोडणी जुळवून बघितली. पण डब्यातला काटा शून्याच्या जरा वर उभा होता. मी तो परत केला.

"घरी वापरायला एवढं चालतं, बाई."

"घरीच चालत नाही. गॅरेजवाल्याचा कान तयार असतो. माझ्याकडे फक्त हा काटा आहे."

त्यानं पाच डबे उघडले. चौथ्यातला काटा शून्यावर होता, पण मी पाचवाही बघितला. मग चौथाच घेतला. तो महागातला नव्हता, पण काटा दाब धरून ठेवत होता आणि बटण दाबलं की मुकाट्यानं शून्यावर येत होता. घरच्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

घरी येऊन इंजिन गरम केलं, बंद केलं, प्लग काढला, नळी बसवली. प्रयोग चालू असताना उपकरणाला उगाच हात लावायचा नाही, ही माझी वर्गातली शिकवण. म्हणून हँडलवरचे हात काढून घेतले आणि किका मारल्या. काटा ऐंशीच्या आसपास रेंगाळला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. एवढ्या इंजिनाला दाब दीडशेच्या घरात लागतो.

पार्किंगमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं. खोटा आकडा सांगता आला असता. पण खोटी वाचनं लिहिणाऱ्यांचे मार्क मी आयुष्यभर कापले होते. संध्याकाळी मुलाला खरं ते सांगितलं. तो हळूच खाली जाऊन विक्रीच्या जाहिरातीसाठी स्कूटरचे फोटो काढून आला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. काका बरोबर होते, तेव्हा ते तोंडावर कबूल करणं आलं. मुलगाही सोबत आला, गाडी विकायचीच तर काकांना गिऱ्हाईक विचारू म्हणून. काकांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "किक मारताना ॲक्सिलरेटर पिळला होता का?"

"छे. हातच लावला नाही."

"म्हंजे नाक दाबून श्वास मोजला व्हय?"

मी जन्मात एवढी ओशाळले नव्हते. ॲक्सिलरेटर पिळला नाही, म्हणजे हवा आत जायची वाटच बंद ठेवून मी आतली हवा मोजत होते. सातवीच्या पोरानं केलं असतं तर अंगठे धरून उभा केला असता. मग काकांनी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला, मी किका मारल्या आणि काटा दीडशेच्या पुढे जाऊन थांबला. काकांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी एअर फिल्टर उघडला, तर आत निम्म्या पुण्याची धूळ. म्हणूनच गाडी चढावर कुंथत होती. "आवाजावरनं फसलो," ते म्हणाले. पुण्यात एवढी कबुली क्वचित ऐकायला मिळते.

फिल्टर बदलून झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मला इंजिनाची भीती नव्हतीच."

"माहीत आहे मला. पण माझ्या चालवण्याचा टेस्टर मिळत नाही. तू मागे बस आणि काय मोजायचंय ते मोज."

खडकवासल्यापर्यंत तो मागची कडी घट्ट धरून बसला होता. धरणाशी उतरल्यावर म्हणाला, "ब्रेक जरा आधी मारत जा." आम्ही कणसं खाल्ली. निघताना मी मुद्दाम किल्ली त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही. हेल्मेट चढवलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.